सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही (आणि तेही फक्त गरम झाल्यावर)

घाटवाट | ४ मे, रात्री ९.४०

मंडळी, दोन महिने छळ चाललाय म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. "एकदा चांगल्या मेकॅनिकला दाखवा" एवढं मात्र सांगू नका, तिघांना दाखवून झालंय.

गाडी २०१२ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. २०१६ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय, आरसी बुकात नोंद आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती गाडीच भंगार" या रस्त्याला लागेल आणि माझा प्रश्न तिथेच राहील.

सकाळी अर्ध्या चावीत सुरू होते, तक्रार नाही. दर पंधरा दिवसांनी कोथरूडहून वाईला आईकडे जातो. शिरवळच्या अलीकडे सीएनजीची रांग लागते. सगळ्यांना माहितीच आहे, रांग दोन गाड्या सरकली की सुरू करायची, पुढे घ्यायची, बंद करायची. असं तीन-चारदा झालं की पुढच्या वेळी सेल्फ फिरतो, फिरतो, फिरतच राहतो. इंजिन पकडत नाही. मागच्यांचे हॉर्न सुरू. मग बायको स्टिअरिंगवर आणि मी व पंपावरची दोन पोरं मागून ढकलतोय, असा कार्यक्रम चारदा झाला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं थांबलं की गाडी जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते.

आतापर्यंत बॅटरी नवी (४,८००), प्लग नवे, थ्रॉटल बॉडी साफ. दुसऱ्या मिस्त्र्यांनी स्कॅनर लावून बघितला, दोषाचा कोड काही आला नाही. तिसरे मिस्त्री म्हणताहेत की सीएनजीवर चालवून चालवून पेट्रोलचा पंप गेलाय, ८,५०० होतील. पैसे द्यायला हरकत नाही, पण हा शेवटचा अंदाज असेल याची खात्री कोण देणार?


आळशी_मनी | ४ मे, रात्री ९.५२

बॅटरी बघा. गरम झाली की उतरते.


घाटवाट | ४ मे, रात्री ९.५५

नवीच आहे हो, वर लिहिलंय. आणि सेल्फ जोरात फिरतो.


आळशी_मनी | ४ मे, रात्री ९.५८

अच्छा. मोबाइलवरून अर्धंच वाचलं. चालू द्या.


स्पॅनर_दहाबारा | ४ मे, रात्री १०.३१

घाटवाट, आधी पाकीट खिशात ठेवा. बावीस वर्षं गॅरेजमध्ये काढलीत, आता आयटीआयच्या पोरांना शिकवतो. त्यांना पहिल्या दिवशी जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. सेल्फ फिरतोय याचा अर्थ बॅटरी, सोलेनॉइड, सेल्फची मोटर ही अर्धी गाडी शाबूत आहे. (अपवाद: सेल्फ रडत रडत फिरत असेल तर. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावा, ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ईसीयूच, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच, धड जागा राहत नाही. बॅटरी नवी असली तरी इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली असू शकते.)

उरली उरलेली अर्धी. पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन आणि हे तिन्ही योग्य वेळी घडणं. कॉम्प्रेशन गरम-थंड बघून पळून जात नाही, चाळीस मिनिटांत परतही येत नाही. तेव्हा ते सोडा. म्हणजे प्रश्न एवढाच आहे की *बंद पडलेली असताना, त्या क्षणी*, पेट्रोल गायब आहे की ठिणगी. तिन्ही मिस्त्र्यांनी गाडी थंड असताना बघितली असणार. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे गेलो तर तो काय सांगणार?

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच एवढं बघा आणि इथे लिहा:

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा पंपाचा आवाज येतो का. रेडिओ, पंखा बंद ठेवून ऐका, मागे कुणाला तरी सीटला कान लावून बसवा.

मीटरमध्ये चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकतोय का. लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, मग इंजिनात काही शोधण्यात अर्थ नाही, दुसरी चावी लावा.

सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा थोडासा तरी, दोन-तीनशेपर्यंत, उचलतो का.

आणि पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो का.

अजून एक. चालत्या गाडीत कधी झटका, कधी काही विचित्र? आठवून सांगा.


प्रीमियर_११०० | ५ मे, सकाळी ६.१२

तुमची कथा वाचून १९८४ आठवलं. आमची फियाट (तेव्हा पद्मिनीलासुद्धा फियाटच म्हणायचे) मे महिन्यात खंबाटकीच्या अर्ध्यात हमखास बसायची. सेल्फ खर्र खर्र फिरायचा, गाडी ढिम्म. वडील शांतपणे उतरायचे, आईच्या डब्याचं फडकं पाण्यात भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचे आणि आम्ही मुलं करवंदं शोधायला. पंधरा मिनिटांत सुरू. बघा, ओलं फडकं गुंडाळून बघा! :)


तिरकी_चावी | ५ मे, सकाळी ८.४०

काका, त्या पद्मिनीचा पंप इंजिनलाच बसवलेला असायचा आणि पेट्रोल टाकीतून ओढून घ्यायचा. इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ काही ओढू शकायचा नाही. म्हणून फडकं. आताच्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला, आणि तो साधारण साडेतीन बारच्या दाबाने पुढे ढकलतो. दाबाखाली वाफ होणं अवघड. फडकं गुंडाळायचं कशाला?


प्रीमियर_११०० | ५ मे, सकाळी ८.५५

ते सगळं मान्य. पण आमची गाडी सुरू व्हायची, यांची होत नाहीये.


बोक्याची_आई | ५ मे, सकाळी ९.२०

😂 काकांनी मारला.

माझा अनुभव: उंदीर. गेल्या पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी होती, पाचव्या दिवशी सेल्फ फिरतो पण सुरू नाही. वायरमननं बोनेट उघडलं, इंजिनाच्या वर अर्धा बटाटा आणि बाजूला इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) वायर कुरतडून तांब्याच्या तारा लोंबताहेत. बटाटा आमच्याच घरचा होता, साल ओळखीचं. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या सगळं करून झालं, शेवटी बोका पाळला.


स्पॅनर_दहाबारा | ५ मे, सकाळी ९.४५

उंदीर खरंच पहिल्या पाचात येतो, विशेषतः पावसाळ्यात. पण उंदराने तोडलेली वायर चाळीस मिनिटांनी जुळत नाही. यांच्या केसमध्ये गरम-थंड हा धागा सोडू नका.


तिरकी_चावी | ५ मे, सकाळी १०.१०

घाटवाट, तुमच्याकडे सीएनजी आहे म्हणजे एक फुकटची चाचणी हातात आहे आणि ती एकाही मिस्त्र्याने केलेली दिसत नाही.

सिक्वेन्शियल किटची गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) तापला की आपोआप गॅसवर जाते. पण पेट्रोलचं काही बिनसलं तर थेट गॅसवर सुरू करायची सोय बऱ्याच किटमध्ये असते. चावी बंद, गॅसचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून चावी ऑन, दिवा गॅसचा लागला की सेल्फ मारायचा. तुमच्या किटची नेमकी रीत बसवणाऱ्याला विचारून घ्या.

आता विचार करा. अडली असताना गॅसवर सुरू झाली, तर पेट्रोलची बाजू दोषी: पंप, रिले, फिल्टर, किंवा किटचा तो एम्युलेटर जो गॅसवर जाताना पेट्रोलचे इंजेक्टर तोडतो. त्याचे जोड सैल झाले की पेट्रोलचे इंजेक्टर तुटलेलेच राहतात, मी दोन गाड्यांत बघितलंय. आणि गॅसवरही सुरू झाली नाही, तर पंपाला उगाच फाशी देऊ नका. दोन्ही इंधनांना सामाईक असं काहीतरी गेलंय.

आणि खरं सांगा, टाकीत पेट्रोल किती ठेवता?


घाटवाट | ५ मे, दुपारी १.३०

...दोनशे रुपयांचं. काट्याचा दिवा कायम लागलेला असतो. 🙈


तिरकी_चावी | ५ मे, दुपारी १.४२

वाटलंच. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालू असतानाही तो फिरत राहतो. टाकी रिकामी म्हणजे तो कोरडाच भाजतो. आज पंप गेला नसेल तर तुमचं नशीब. पाव टाकी कायम ठेवा.


वाशिष्ठीकाठ | ५ मे, संध्याकाळी ६.०५

थोडं अवांतर, पण या विषयावर धागा आहे तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळुणात गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माझ्या शेजाऱ्याने बोनेट पुसलं, चावी फिरवली. सेल्फ एकदा अर्धा फेरा फिरला आणि 'ठक्' करून थांबला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. माझी गाडी मी हात न लावता टोइंग करून नेली, प्लग काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल दोनदा बदललं, आज चालतेय. पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून "बघू या" हे करूच नका.


स्पॅनर_दहाबारा | ५ मे, संध्याकाळी ७.२०

अवांतर अजिबात नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावायला हवं.


हिमालयीन_थंडी | ६ मे, पहाटे ४.१८

कॅलगरीहून. नाव हिमालयीन, राहते सपाटीवर. :) इकडे उणे तीसला गाडीच्या पुढून विजेची वायर लोंबते, रात्री इंजिनाचा हीटर प्लगला लावून ठेवायचा. पहिल्या वर्षी मी बर्फ काढायला गाडी सुरू केली, दहा फूट मागे घेतली, बंद केली. तासाभराने सेल्फ फिरतोय, पेट्रोलचा भपकारा, गाडी बंद. गाडी "फ्लड" झाली होती. थंड इंजिनाला ईसीयू भरपूर पेट्रोल देतो, ते जळायच्या आत मी बंद केली, प्लग ओले झाले. शेजारच्या पंजाबी आजोबांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं आणि तसाच सेल्फ मारायला लावला. आठ-दहा सेकंदांत खोकत खोकत सुरू.

घाटवाटांच्या गाडीला वास येत असेल तर हे करून बघावं का?


स्पॅनर_दहाबारा | ६ मे, सकाळी ७.०२

बरोबर सांगितलं आजोबांनी. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो, नुसती हवा आत जाते, प्लग वाळतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पॅडल पंप करायची सवय असलेले लोक इथे नेमकं उलटं करतात.

तुमच्याकडे पुण्यात उणे तीस नाही, पण कूलंटचा टेंपरेचर सेन्सर तुटला तर ईसीयूला वाटतं बाहेर उणे चाळीस आहे. मग मे महिन्यातही तो हिवाळ्याचं पेट्रोल ओततो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघितलं की दोन सेकंदांत कळतं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. मोटर तापते.


घाटवाट | ११ मे, रात्री १०.५०

अडली! आनंदाने लिहितोय, बायकोला हा आनंद कळत नाहीये.

आज जाताना रांग तिसऱ्यांदा सरकली तेव्हा अडली. या वेळी वही घेऊन बसलो होतो.

पंपाचा आवाज: येतो, स्पष्ट. (मुलाला मागे झोपवलं होतं, तो म्हणाला "बाबा, माशी आहे आत".)
चावीचा दिवा: लागून विझतो, लुकलुकत नाही.
आरपीएमचा काटा: हालत नाही. शून्याला चिकटलेला.
वास: शून्य. सात-आठदा सेल्फ मारला, पेट्रोलचा वास नाही.
गॅसवर: बटण दाबून धरून केलं, दिवा गॅसचा लागला, तरी सुरू नाही.

सेल्फ मारताना बॅटरी १०.४ व्होल्ट.

आणि स्पॅनरदादा, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. महिन्यापूर्वी घाट चढताना एकदा गाडीला जोरात झटका बसला, काटा क्षणभर शून्यावर पडून परत वर आला. मला वाटलं गिअर चुकला.


स्पॅनर_दहाबारा | ११ मे, रात्री ११.०५

आणि हे तुम्ही महिनाभर पोटात ठेवलंत!

इंजिन चालू असताना, गाडी गिअरमध्ये असताना, काटा शून्यावर पडतो कसा? इंजिन तर फिरतच होतं. म्हणजे इंजिन फिरतंय ही *बातमी* ईसीयूकडे पोचली नाही. ती बातमी देणारा एकच, क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलच्या किंवा पुलीच्या दातांसमोर बसलेला असतो, प्रत्येक दात गेला की एक ठोका पाठवतो. ठोके आले नाहीत तर ईसीयूच्या लेखी इंजिन उभं आहे, मग तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. पेट्रोलचा वास नाही, गॅसवरही नाही, काटा हालत नाही, सगळं एका माळेत बसतं.

गरम झाल्यावरच का? या सेन्सरमध्ये केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. जुनं झालं की कुठेतरी तडा जातो. थंड असताना दोन टोकं टेकलेली, तापून पसरली की सुटलेली. आणि सर्वांत जास्त तापतो कधी? चालताना नव्हे, बंद केल्यावर. पंखा थांबला, वारा थांबला, पाणी फिरायचं थांबलं, आणि इंजिनाची सगळी धग जागच्या जागी कोंडते. तुमची सीएनजीची रांग म्हणजे त्याची भट्टी.

पण लगेच विकत आणू नका. काही गाड्यांत सेल्फ मारताना काटा तसाही हालत नाही. ब्लूटूथचा स्कॅनर (ईएलएम ३२७) हजाराच्या आत मिळतो, मोबाइलवर लाइव्ह आरपीएम बघा. गाडी चांगली असताना सेल्फ मारून एकदा, अडल्यावर एकदा. स्वस्तातले स्कॅनर सेल्फच्या धक्क्याने कनेक्शन तोडतात, तर घाईने निष्कर्ष नको.


तिरकी_चावी | ११ मे, रात्री ११.२०

पण दुसऱ्या मिस्त्र्याने स्कॅन केलं होतं ना? क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड, पी-०३३५, यायला हवा होता.


स्पॅनर_दहाबारा | ११ मे, रात्री ११.३१

सगळ्यांची गाडी तिथेच अडते. ठोके येत नाहीत म्हणजे इंजिन उभं आहे, असं ईसीयू समजतो. उभ्या इंजिनाचा कोड कशाला टाकेल? कॅम सेन्सरचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपाशी बसलेला दुसरा सेन्सर) ठोके येताहेत आणि क्रँकचे नाहीत असं बराच वेळ दिसलं तरच काही गाड्या कोड टाकतात. कोड नाही म्हणजे दोष नाही, हे गॅरेजमधलं सर्वांत महागडं वाक्य आहे.


डिझेलवाली_सांगली | १२ मे, सकाळी ११.००

मध्येच घुसते. आमची जीप डिझेल, २००८. फिल्टर बदलल्यापासून सेल्फ फिरतो, सुरू होत नाही. इथे विचारलं तर चालेल का?


स्पॅनर_दहाबारा | १२ मे, सकाळी ११.१५

ताई, हवा राहिलीय. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असेल, तो कडक होईपर्यंत दाबत राहा, मग सेल्फ मारा. दाबूनही कडक होत नसेल तर फिल्टरचं वॉशर नीट बसलेलं नाही, तिथून हवा ओढतोय. वॉशर आधी डिझेलने ओलं करून बसवतात.


डिझेलवाली_सांगली | १२ मे, दुपारी २.४०

जुनं वॉशर वरच चिकटलं होतं, त्यावर नवीन बसवलेलं! दोन वॉशर. काढलं, सुरू झाली. तुम्हाला सांगलीला आलात तर भडंग.


घाटवाट | १८ मे, रात्री ९.१५

काकांसाठी खास बातमी. 

स्कॅनर आणला. घरी थंड गाडीवर सेल्फ मारताना मोबाइलवर २४० ते २६० आरपीएम. आज मुद्दाम एकटाच गेलो, रांगेत अडली, सेल्फ मारताना ०. तीनदा बघितलं, स्कॅनर जोडलेलाच होता, बॅटरीचे व्होल्ट दाखवत होता.

मग बोनेट उघडलं. आमच्या गाडीत सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला, एअर फिल्टरच्या पाइपखाली आहे, हात जेमतेम पोचतो. पाण्याची बाटली घेतली, मफलरसारखं एक फडकं सेन्सरवर गुंडाळलं आणि बाटली हळूहळू त्यावर ओतली. पाच मिनिटं. आत बसलो, चावी फिरवली.

पहिल्या सेल्फला सुरू.

ओलं फडकं, प्रीमियर काका! खंबाटकीच्या अलीकडेच, ४१ वर्षांनी!


प्रीमियर_११०० | १८ मे, रात्री ९.२२

मी काय म्हणालो होतो? आता करवंदं आणली असतीत तर परिक्रमा पूर्ण.


तिरकी_चावी | १८ मे, रात्री ९.३०

काकांना साष्टांग. कारण वेगळं होतं, पण हरलो. :)


स्पॅनर_दहाबारा | १८ मे, रात्री १०.००

झकास. मात्र बाकीच्यांनी लक्षात ठेवा, गरम एक्झॉस्टच्या बिडाच्या नळकांड्यावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. सेन्सर त्याच्या शेजारी असेल तर पाणी ओतू नका.

आणि घाटवाट, अजून एक शंका मिटवू या. पाण्याने सेन्सर थंड झाला तसं त्याचं कनेक्टरही थंड झालं, फडकं लावताना वायरही हालली. दोष वायरमध्ये असेल तर नवा सेन्सर टाकूनही तुम्ही परत इथेच याल. दोन वायरींचा सेन्सर आहे की तीन?


घाटवाट | १८ मे, रात्री १०.०८

दोन.


स्पॅनर_दहाबारा | १८ मे, रात्री १०.१६

मग सोपं. तीन वायरींचा हॉल सेन्सर (आत तारेच्या वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असता तर ओहममीटरवर काही कळलं नसतं. सेन्सर काढा, घरी आणा, मीटर ओहमवर लावा आणि गरम पाण्यात सोडा. पाणी आत जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. तांब्याच्या तारेचा रोध तापल्यावर थोडा वाढतोच, साठ अंशांच्या फरकाला साधारण वीस-पंचवीस टक्के. तेवढं वाढून थांबला तर सेन्सर निर्दोष.


घाटवाट | २० मे, रात्री ८.३०

केलं. चहाचं पातेलं वापरलं, यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

थंड असताना ५४८ ओहम. पाणी तापायला लागलं तसे आकडे सरकायला लागले: ५७०, ५९६, ६२०. मुलगा पातेल्यापाशी उभा राहून मोठ्याने वाचत होता. ६४१ ला आला, एक सेकंद थांबला आणि मीटरवर एकदम 'ओएल'. तार तुटली. गॅस बंद केला. पिशवी बाहेर काढून पंख्याखाली धरली, बाराव्या मिनिटाला परत ५९०. पुन्हा पाण्यात, पुन्हा ओएल. मुलाने हा खेळ पाचदा करायला लावला.

आता कळलं की चाळीस मिनिटं का लागायची.


बोक्याची_आई | २० मे, रात्री ८.४१

हा धागा मी मालिकेसारखा वाचतेय.


आळशी_मनी | २० मे, रात्री ८.५०

मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो बॅटरी नाही.


घाटवाट | २ जून, रात्री ९.००

शेवटचा अहवाल.

पहिल्या दिवशी उतावीळपणे बाजारातून ४५० रुपयांचा लोकल सेन्सर आणला. बसवला, गाडी सुरूच होईना, थंडसुद्धा! पोटात गोळा आला. काढून जुन्याशेजारी ठेवून बघितला तर टोक दीड-दोन मिलिमीटरनी आखूड. दातांपासून लांब राहत होता, ठोका पोचत नव्हता. दुकानदाराने बदलून दिला नाही. मग १,६५० चा ओरिजिनल मागवला, तीन दिवसांनी आला.

स्पॅनरदादांची वायरची शंकाही वाया गेली नाही. कनेक्टरचं लॉक तुटलेलं होतं आणि वायरीवरचं प्लास्टिक धगीने पापडासारखं झालं होतं, वाकवलं की कडकड तुटत होतं. वायरमनकडून बोटभर लांब वायर नवी जोडून घेतली, वर उष्णतारोधक स्लीव्ह. ३०० रुपये. तिसऱ्या मिस्त्र्यांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "बघा, मी पंपाच्या आसपासच होतो."

त्यानंतर वाईच्या दोन फेऱ्या झाल्या, एकदा भर दुपारी दीड वाजता, रांगेत सात वेळा बंद-चालू. एकदाही नखरा नाही. टाकीत आता पाव पेट्रोल असतं.


तिरकी_चावी | २ जून, रात्री ९.२५

अभिनंदन! सेन्सर बसवताना काही विशेष? माझ्याही गाडीचे १ लाख झालेत, डिकीत एक ठेवावा म्हणतोय.


घाटवाट | २ जून, रात्री ९.५०

एकच दहा नंबरचा बोल्ट. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. जुना सेन्सर ओ-रिंगमुळे (रबरी कड्यामुळे) चिकटून बसतो, पक्कडीने ओढू नका, थोडा डावी-उजवीकडे फिरवत सैल करा, नाहीतर टोक आतच तुटून राहतं. माझ्या जुन्याच्या टोकाला चुंबकामुळे बारीक लोखंडी चुरा चिकटला होता, मिशांसारखा. भोक कापडाने पुसून घ्या, नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत आत दाबा आणि मगच बोल्ट आवळा. बोल्टने ओढून बसवायला गेलात तर सेन्सरचा बोल्टसाठीचा कान तुटतो.